दहा की अकरा

आमच्या घरात दहा आणि अकरा हे नुसते आकडे नाहीत. दहा म्हणजे मी आणि अकरा म्हणजे हे. माझं माहेर वाळव्याकडचं, सांगली जिल्ह्यातलं. तिथल्या गाड्यांच्या पाटीवर एमएच दहा असतं. ह्यांचं गाव माणमध्ये, सातारा जिल्हा, म्हणजे एमएच अकरा. हे म्हणजे माझा नवरा. नाव घ्यायची सवय आमच्याकडे नाही, आणि आता बावन्नाव्या वर्षी ती लावून घ्यायचा मला कंटाळा आहे.

ह्यांना गाड्यांच्या पाट्या वाचायची खोड. बावीस वर्षं मिलिटरीत ड्रायव्हर होते. आसामात नाहीतर राजस्थानात कुठल्याशा रस्त्यावर अकरा नंबरचा ट्रक दिसला की हात करून थांबवायचे आणि गावाकडं पाऊस झाला का ते विचारायचे. घरचं पत्र यायला पंधरा दिवस लागायचे, अकरा नंबर त्याच्या आधी भेटायचा. रिटायर होऊन आले तरी खोड गेली नाही. एसटीची वाट बघत स्टँडबाहेर उभे राहिले की ह्यांचं चालू व्हायचं. "नऊ, कोल्हापूर. तेरा, सोलापूर. बारा, पुणं, ह्येला लय घाई." आणि दहा आली की माझ्याकडे तिरकं बघत, "सांगली. अंतर ठेवा गड्यांनो, डावा इंडिकेटर दावून उजवीकडं वळणार!" मी चिडायची. रोज तोच विनोद आणि रोज मी चिडायची, एवढं मात्र आमच्या संसारात नेमानं झालं. मध्यंतरी अकरातल्याच कऱ्हाडला वेगळा पन्नास नंबर मिळाला तेव्हा हे दोन दिवस गप्प होते. घरात वाटणी झाल्यागत वाटतंय, म्हणाले.

मी इस्लामपुरात हायस्कूलला शिकवते. मराठी आणि इतिहास, आणि त्याशिवाय सरकारला जे जे मोजायचं असेल ते मोजणं. सासूबाई गावाकडं दोन खोल्यांच्या घरात राहतात, चार शेळ्या सोडून त्या कुठे येत नाहीत. म्हणून एक शनिवार सोडून एक आम्ही तिकडे जायचो. इस्लामपूर ते कऱ्हाड एसटी, कऱ्हाड ते वडूज दुसरी, वडूज ते दहिवडी तिसरी, आणि तिथून वडाप. वडापची जीप माणसं भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली तरी लगेच हलत नाही. रविवारी रात्री घरी येऊन मी पलंगावर बसायची आणि चपला काढायचंही त्राण नसायचं. सोमवारी पहिला तास नववी ब ला. नववी ब काय असते ते ज्याने शिकवलंय त्यालाच कळेल.

ह्यांनी मिलिटरीनंतर एका डॉक्टरची गाडी चालवली, नंतर कारखान्यातल्या एका साहेबाची. गेल्या वर्षी ती नोकरी अचानक सोडली. "अंगाला झेपत न्हाई," म्हणाले. मी म्हटलं बरं झालं, घरात एक माणूस तरी विश्रांती घेतंय. त्यापलीकडे मी विचारलं नाही, ही माझी चूक. दमलेलं माणूस दुसऱ्याला प्रश्न कमी विचारतं.

दिवाळीनंतर एका सकाळी चहा पिताना ह्यांनी एकदम विषय काढला.

"आगं, आपली गाडी घिऊया. नवी."

"आवं, एवढे पैसे कुठनं आणायचे?"

"हप्त्यावर. बावीस वरीस साहेबाची गाडी पुसली. मग डॉक्टरची पुसली, मग कारखान्याची. आता मला माझी पुसायची हाय. पयला हात माझाच पायजे."

ह्यांनी आजवर काही मागितलेलं नाही. साधा मोबाईल घेतला तोही मुलीनं वापरून टाकलेला. त्यामुळे मला नाही म्हणवेना आणि हो म्हणायचा जीव होईना. आम्ही सांगलीला शोरूममध्ये गेलो. काचेच्या आत एक कुटुंब नवी गाडी घेत होतं. गाडीवर साटीनचं कापड होतं, ते सगळ्यांनी मिळून ओढलं, टाळ्या झाल्या, पुठ्ठ्याची दोन हात लांब किल्ली हातात धरून फोटो काढला. हे तिथेच थांबून बघत राहिले. मग एका पांढऱ्या गाडीत बसले, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटले. सीटच्या प्लास्टिकचा वास घेत असतील असं मला वाटलं.

कर्ज माझ्या पगारावर मिळणार होतं, म्हणून गाडीही माझ्या नावावर होणार होती. फायनान्सच्या टेबलवरच्या मुलीनं विचारलं, किती वर्षांचं करायचं? मी म्हटलं, पाच. हे म्हणाले, "सात." मी पुन्हा पाच म्हटलं. ह्यांनी मान हलवली, "सातच करा." माझ्या नोकरीची सहा वर्षं उरली होती. म्हणजे हप्ता माझ्यापेक्षा एक वर्ष जास्त नोकरी करणार होता! पाच वर्षांचा हप्ता जड होता, पण ह्यांची पेन्शन धरून भागला असता. मी हे सगळं त्या मुलीसमोर काढलं नाही. कोटेशन पर्समध्ये घातलं आणि बाहेर येऊन रस्त्यावरच ह्यांच्यावर ओरडले. दोन वर्षांचं जादा व्याज कुणासाठी भरायचं, एवढी हौस कसली. समोरून गाड्या जात होत्या आणि हे एकही पाटी वाचत नव्हते, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय. तेव्हा मी त्याला राग समजले.

महिनाभर ते कोटेशन फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होतं. मी जुन्या गाडीचं सुचवलं. निम्म्याहून कमी पैशात येईल, माझ्या साठवलेल्यात बसेल, हप्ता नको, डोक्याला ताप नको.

"लोकांची उष्टी गाडी," एवढंच म्हणाले.

मग मी एक डाव टाकला. मास्तरीण आहे मी, हट्टी पोरांना कुठून वळवायचं ते कळतं. मी म्हटलं, "नवी घेतली तर ती माझ्या नावावर, इस्लामपूरच्या पत्त्यावर. म्हणजे दहा पासिंग. तुमच्या आईच्या दारात दहा नंबर लावणार काय? जुनी बघितली तर अकरा मिळंल." हे तिसऱ्या दिवशी दाढी करता करता म्हणाले, "बघाया काय जातंय." मी जिंकले म्हणून मला इतकं बरं वाटलं की शाळेत जाताना वाटेत थांबून भेळ खाल्ली.

कऱ्हाडजवळ हायवेला जुन्या गाड्यांचा एक बाजार आहे. पत्र्याच्या शेडमध्ये आणि बाहेर उन्हात पन्नासेक गाड्या, प्रत्येकीच्या काचेवर चुन्यानं किंमत. मालकाशी मी आधी फोनवर बोलले होते, अकरा नंबरची एक आहे म्हणाला होता. आम्ही पोचलो तेव्हा तो दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. हे एकटेच रांगांमधून पुढे गेले, हात मागे बांधून, परेडची पाहणी करावी तसे. एका करड्या गाडीपुढे चार पावलांवर थांबले. बॉनेटवर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून ओरडले, "आगं, हिकडं ये! हीच. अकरा हाय!"

मी गेले. पाटी नवी होती, पांढऱ्यावर काळी, ठसठशीत अक्षरं. सकाळचे अकरा वाजले असतील, ऊन तिच्यावरच पडलं होतं. एमएच दहा.

आधी वाटलं, चेष्टा करतायत. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. चेष्टा करताना ह्यांची डावी भुवई वर जाते. ती गेली नव्हती. खुशीत होते. स्टँडच्या पलीकडच्या बाजूची पाटी वाचणारा माणूस चार पावलांवरून दहाचं अकरा वाचत होता. तेवढ्यात मालक मागून आला आणि म्हणाला, "न्हाई काका, अकराची तिकडं शेडात—" मी त्याच्याकडे असं बघितलं, जसं नववी ब कडे बघते. तो गप्प बसला.

"व्हय," मी ह्यांना म्हटलं. "अकराच हाय."

का म्हटलं? मला तेव्हा कारण सुचलं नव्हतं. त्या माणसासमोर ह्यांना खोटं पाडायचं माझ्यानं झालं नाही, एवढंच. तिथेच थांबवायला हवं होतं, हेही मला कळतं. मी थांबवलं नाही. मिलिटरीतले म्हटल्यावर मालकानं चालवून बघायला किल्ली दिली, आधार कार्ड ठेवून घेतलं आणि आम्हा दोघांनाच सोडलं.

गाडी ह्यांच्या हातात आली की वेगळीच होते. गिअर कधी बदलला ते कळत नाही. सर्व्हिस रोडनं आम्ही निघालो, हे इंजिनाकडे कान लावून हसत होते, क्लच नवा टाकलाय, सायलेन्सर ठीक आहे, असं सांगत होते. मी पुढे बघत होते. ऊस तोडणीचे दिवस होते. रस्त्याच्या कडेला उसाची एक ट्रॉली चाक काढून उभी होती, मागे दगड लावलेले. दगडांपर्यंत येईस्तोवर मला वाटलं, हे आता वळवतील. आता वळवतील. 

"आवं! ट्रॉली!"

ब्रेक लागला. उसाची टोकं काचेपासून हातभर अंतरावर हलत होती. ह्यांनी इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रलला टाकला. सगळं शिस्तीत. मग हात मांडीवर ठेवले.

"दिसली न्हाई?" मी विचारलं.

"कडंनं दिसतंय. मधी न्हाई दिसत." मग म्हणाले, "मधोमध कुणी बोटानं पुसल्यागत हाय. तुझं बी तसंच. बाजूला बघितलं की तू दिसतीस. तुझ्याकडं बघितलं की जातीस."

रक्तातल्या साखरेनं डोळ्याचा पडदा सुजला होता. कारखान्याची नोकरी त्यामुळेच सोडली होती. सांगलीला डोळ्याच्या डॉक्टरकडे तीनदा एकटे जाऊन आले होते, डोळ्यात सुया घेऊन आले होते, आणि मला सांगितलं होतं की पेन्शनच्या कामाला गेलो होतो. हाय ते टिकवू, गेलेलं परत यायचं न्हाई, असं डॉक्टर म्हणाला होता. गाडी चालवू नका असंही म्हणाला होता.

"मला का न्हाई सांगितलं?"

"तू दमलेली असतीस."

मला इतका राग आला की रडू फुटायच्या आधी मी डॅशबोर्डवर हात आपटला. ट्रॉलीजवळ कुणी उभं असतं तर? चाक बसवणारा वाकलेला असता तर? मी हे सगळं बोलले, मोठ्यानं बोलले. हे ऐकून घेत होते, मान खाली. मग मी विचारलं, असं होतं तर नव्या गाडीचा हट्ट कशाला? आणि सात वर्षं कशाला?

ह्यांनी स्टिअरिंगवरून अंगठा फिरवला. "सात वरसाचा हप्ता केला की सात वरीस चालवायला लागंल असं वाटलं. एवढी शिकलेली बँक सात वरसाचा भरोसा धरती, तर डोळा बी धरंल."

शोरूमबाहेर मी ज्या दोन वर्षांच्या व्याजासाठी ओरडले होते, त्या दोन वर्षांत हे स्वतःचे डोळे मागत होते. मी रडले. हे माझ्याकडे न बघता, म्हणजे मला बघता यावं म्हणून माझ्या बाजूला बघत, बसून राहिले.

मला गाडी चालवता येत नव्हती आणि ह्यांना आता मी चालवू देणार नव्हते. मालकाला फोन केला, तो मोटरसायकलवर कुणाच्या तरी मागे बसून आला. ह्यांनी त्याच्या हातात किल्ली दिली आणि खाकरून म्हणाले, "ब्रेक चांगलं हायती." आम्ही एसटीनं घरी आलो. वाटेत हे पाट्या वाचल्याचं नाटकही करत नव्हते, आणि तो विनोद बंद झाला तर मला किती ओकंओकं वाटेल हे मला त्या दिवशी कळलं.

आठ दिवसांनी मीच कोटेशन फ्रिजवरून काढलं. म्हटलं, "नवीच घेऊया. सातचाच हप्ता करू. ड्रायव्हर ठेवू कुणीतरी." शोरूमबाहेर ओरडल्याचं पाप माझ्या मनावर होतं, ते फेडायचं होतं. हे हसले, बऱ्याच दिवसांनी.

"ड्रायव्हर? आपुन? मी काय साहेब हाय?" मग गंभीर झाले. "तू शीक."

"बावन्नाव्या वर्षी?"

"पोरांना रांगंत चालवतीस, गाडी काय चीज हाय. पण नव्या गाडीवर शिकायचं न्हाई. तू घासणार. नव्या गाडीला पयला चरा पडला की तुझा जीव आणि माझा जीव दोन्ही जाणार. जुनी घे. ती करडी घे, तिचा क्लच चांगला हाय."

इतके दिवस मी जुनीसाठी भांडत होते, आणि जुनी मिळाली तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. मला ह्यांना ते साटीनचं कापड ओढायला द्यायचं होतं. कागदं करताना मालकानं आरसी बुकातला नंबर मोठ्यानं वाचून दाखवला, एमएच दहा आणि पुढचं सगळं. माझा हात सहीवर थांबला. हे शेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, घडी घातली, परत ठेवला. शाळेत कुणीतरी पेढे मागितले, मग दुसऱ्यानं विचारलं, जुन्या गाडीचे पेढे देतात का? मी म्हटलं, बायको चालवणार असेल तर देतात, आणि दिले.

उसाचं गळीत संपलं की कारखान्याचं यार्ड मोकळं पडतं. एरवी तिथे ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रीघ असते, एप्रिलमध्ये नुसता पाचोळा. ड्रायव्हिंग क्लासच्या मुलानं शिकवून झालं की रोज सकाळी शाळेआधी हे मला तिथे न्यायचे. न्यायचे म्हणजे मी न्यायची, हे डाव्या बाजूला. मिलिटरीच्या जीपमध्ये साहेब तिथेच बसतो. पहिल्या दिवशी ह्यांनी त्या सीटवर बसून पाय लांब केले आणि म्हणाले, "बावीस वरसांनी पर्मोशन झालं." तीस वर्षांच्या संसारात हे माझ्याशी कधी एवढ्या शांतपणे बोलले नसतील. मी एक खांब ठोकला, एक कोपरा चेपला, दोनदा रडले. हे कानानं शिकवायचे. "इंजिन रडतंय, गेर बदल." "आता खुशीत हाय, ऱ्हाऊ दे." परत आलो की बादली घेऊन गाडी पुसायचे. डोळ्यांनी नाही, तळव्यानं. चेपलेला कोपरा हातानं शोधून काढायचे आणि तिथे जरा जास्त वेळ पुसायचे.

जूनमध्ये मला लायसन मिळालं आणि आम्ही पहिल्यांदा स्वतःच्या गाडीनं गावाला निघालो. माझे खांदे आखडले होते, मान दुखत होती, एसटीत निदान डुलकी तरी लागायची. कऱ्हाड सोडून वडूजच्या रस्त्याला लागलो. पुढे एक पांढरी जीप चालली होती. बऱ्याच वेळानं ह्यांनी विचारलं,

"म्होरं कुठली हाय गं?"

मी पाटी बघितली. दहा होती. ह्यांच्या गावाच्या वाटेवर, पहिल्याच दिवशी, मला दहा म्हणवेना.

"अकरा," मी म्हटलं.

एक गाव मागे गेलं. मग हे खिडकीकडे तोंड करून, म्हणजे मी दिसावी म्हणून, म्हणाले, "त्या दिवशी कऱ्हाडात बी तू अकराच म्हणलीस."

"तुमी म्हणला म्हणून."

"मला चुकायची सवय हुईल आता. तू नगं चुकूस. हाय ते वाच. तू बी खोटं वाचाय लागलीस तर मला काय बी दिसायचं न्हाई."

वळण होतं, म्हणून मी आधी गिअर बदलला.

"दहा हाय," मी म्हटलं. "एमएच दहा."

"सांगली!" हे एकदम सरळ बसले. "मंग अंतर ठेव. डावा इंडिकेटर दावंल आणि उजवीकडं वळंल."

मी चिडले. चिडून अंतर ठेवलं. फाट्यावर त्या जीपनं डावा इंडिकेटर दाखवला आणि उजवीकडे वळली, आणि ते मला ह्यांना जसं होतं तसं सांगावं लागलं.